डीॲक्टिव्हेट की डिलीट? कार्यकर्त्यांनो, बटण दाबण्याआधी एवढं समजून घ्या

"जाऊ दे, अकाउंटच उडवून टाकतो!" हे वाक्य आपल्या तरुणांच्या तोंडून वर्षातून ठरावीक वेळी हमखास ऐकू येतं. १४ एप्रिलच्या आगेमागे, ६ डिसेंबरच्या आठवड्यात, किंवा अत्याचाराच्या एखाद्या प्रकरणावर पोस्ट लिहिली आणि कमेंटमध्ये शिवीगाळ करणारी झुंड उतरली की. कधी कारण अगदी साधं असतं. एमपीएससीची परीक्षा तोंडावर आलेली असते आणि रील बघता बघता रात्रीचे दोन वाजतात. कधी नोकरी लागते आणि कॉलेजच्या काळातल्या पोस्ट कुणी उकरून काढेल याची धास्ती वाटते.

कारण कोणतंही असो, अकाउंट बंद करणं हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. "मैदान सोडून पळाला" असं कुणी कुणाला म्हणू नये. विशेषतः मुलींना तर नाहीच. वस्तीपातळीवर काम करताना मी पाहते की ट्रोलिंग सुरू झालं की सगळ्यात आधी अकाउंट बंद होतं ते मुलीचं, आणि बहुतेक वेळा तो निर्णय तिचा नसतो, घरच्यांचा असतो. त्यामुळे बंद करावं की करू नये यावर मी इथे उपदेश करणार नाही. पण बंद करण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांचे परिणामही वेगळे आहेत, आणि चळवळीत काम करणाऱ्यासाठी ते परिणाम त्याच्या एकट्यापुरते राहत नाहीत.

दोन बटणं, दोन अर्थ

डीॲक्टिव्हेट करणं म्हणजे दुकानाचं शटर ओढणं. माल आत तसाच असतो. फेसबुक अकाउंट डीॲक्टिव्हेट केलं की तुमचं प्रोफाइल इतरांना दिसेनासं होतं. फोटो, पोस्ट, मित्रयादी कंपनीकडे जशीच्या तशी राहते. तुम्ही इतरांना पाठवलेले मेसेज त्यांच्या इनबॉक्समध्ये दिसत राहतात. मेसेंजर वेगळं बंद केलं नाही तर ते चालूच राहतं, आणि अनेकांना हेच माहीत नसतं. ट्रोलिंगला कंटाळून फेसबुक बंद केलं आणि घाणेरडे मेसेज मेसेंजरवर येतच राहिले, अशी तक्रार मी एकाहून अधिक जणांकडून ऐकली आहे.

परत यायचं असेल तर लॉगिन केलं की झालं. इथेच एक फट आहे. तुम्ही एखाद्या गेममध्ये किंवा शॉपिंगच्या ॲपमध्ये "फेसबुकने लॉगिन करा" हा पर्याय वापरत असाल, तर त्या ॲपमध्ये शिरतानाही तुमचं फेसबुक अकाउंट पुन्हा जागं होतं. म्हणून आधी असे ॲप कोणते आहेत ते बघा आणि त्यांचं लॉगिन ईमेलवर घ्या.

डिलीट करणं म्हणजे दुकान पाडणं, पण ते एका दिवसात पडत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे विनंती दिल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. त्या काळात तुम्ही लॉगिन करून निर्णय मागे घेऊ शकता. मुदत संपली की अकाउंट परत मिळत नाही, आणि कंपनीच्या यंत्रणेतून सगळी माहिती पुसली जायला सुरुवातीपासून ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. इन्स्टाग्रामवर तुमचं जुनं युजरनेम पुढे दुसरा कुणी घेऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

दोन्हीकडचा रस्ता सारखाच आहे: सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, तिथे पर्सनल डिटेल्स, मग अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, आणि शेवटी डीॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन. कंपनी मेनूची जागा अधूनमधून बदलत असते, म्हणून नाव सापडलं नाही तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत "डिलीट" टाइप करा. इन्स्टाग्रामवर डीॲक्टिव्हेट आठवड्यातून एकदाच करता येतं. रागात बंद, रात्री चालू, सकाळी परत बंद, असं तिथे जमत नाही.

एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, तिथे भल्याभल्यांची फसगत होते. तिथलं "डीॲक्टिव्हेट" हे बटण फेसबुकसारखं नाही. ते दाबलं की ३० दिवसांचं घड्याळ सुरू होतं आणि त्या मुदतीत लॉगिन केलं नाही तर अकाउंट कायमचं जातं. १२ महिन्यांची मुदत निवडण्याचा पर्यायही तिथे आहे, पण "सध्या बंद ठेवतो, दोन वर्षांनी बघू" अशी सोय नाही. अभ्यासासाठी वर्षभर दूर राहायचं असेल तर ॲप काढून टाका, पासवर्ड घरातल्या विश्वासू माणसाकडे द्या. अकाउंट डीॲक्टिव्हेट करू नका.

व्हॉट्सॲपची गोष्ट याच्या उलट. तिथे तात्पुरतं बंद करण्याचं बटणच नाही. ॲप फोनमधून काढलं म्हणजे अकाउंट गेलं असं होत नाही. लोक मेसेज पाठवत राहतात. आणि सेटिंग्जमध्ये जाऊन "डिलीट अकाउंट" केलं तर ते मागे घेता येत नाही: सगळ्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडता आणि चॅटचा बॅकअपही जातो. नुसता नंबर बदलायचा असेल तर डिलीट करायची गरज नाही, "चेंज नंबर" हा पर्याय आहे, त्यात ग्रुप टिकतात. मात्र जुनं सिम बंद करणार असाल तर आधी त्या नंबरवरचं व्हॉट्सॲप हलवा किंवा डिलीट करा आणि फेसबुक, ईमेल, बँक सगळीकडचा नंबर बदला. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, आणि मग तुमचे ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जातात.

पेज कुणाच्या नावावर आहे?

आता आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जयंती मंडळ, विहार समिती, वाचनालय, विद्यार्थी संघटना यांची फेसबुक पेजेस कोण चालवतं? बहुतेक ठिकाणी एकच मुलगा. त्याला कॉम्प्युटर येतो म्हणून त्याने ते सुरू केलेलं असतं आणि दहा वर्षं पेजचा पूर्ण ताबा त्याच्या वैयक्तिक प्रोफाइलकडेच असतो. अशा मुलाने आपलं अकाउंट डीॲक्टिव्हेट केलं तर पेजही बंद होतं. डिलीट केलं तर पेजही डिलीट होतं, त्यातल्या सगळ्या फोटोंसह.

यात त्या मुलाचा दोष काढण्यात अर्थ नाही. तो पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला जातो, त्याला नवं आयुष्य सुरू करायचं असतं. दोष असेल तर कार्यकारिणीचा, जी खजिनदाराकडून दरवर्षी हिशेब घेते पण पेजचा ताबा कुणाकडे आहे हे एकदाही विचारत नाही. आपला इतिहास आपण लिहिला नाही तर कुणी लिहीत नाही, असं आपण भाषणात म्हणतो. गावातला पहिला मोर्चा, विहाराची पायाभरणी, एखाद्या जुन्या उपासिकेची मुलाखत, यातलं बरंचसं आज फक्त अशा पेजवरच आहे. कागदावर काहीच नाही.

उपाय सोपा आहे. पेजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन किमान दोन जणांना पूर्ण ताबा द्या, त्यातली एक महिला असेल तर उत्तमच. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एकमेव ॲडमिन बाहेर पडला तर ॲप आपोआप सदस्यांपैकी कुणालाही ॲडमिन करतं. ६०० जणांच्या ग्रुपचा ताबा कुणाच्या हाती जाईल हे नशिबावर सोडायचं नसेल तर आधी नेमणूक करा, मग बाहेर पडा. यूट्यूब चॅनेल असेल तर ते डिलीट न करता लपवण्याचा पर्याय तिथे आहे, तो वापरा.

आणि डिलीट करण्याआधी माहितीची प्रत उतरवून घ्या. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स सगळीकडे "डाउनलोड युवर इन्फर्मेशन" किंवा तशाच नावाची सोय आहे. गूगलची टेकआउट नावाची आहे. एचटीएमएल स्वरूप निवडा म्हणजे साध्या ब्राउझरमध्ये उघडता येईल, आणि फोटोंचा दर्जा उच्च ठेवा. फाइल तयार व्हायला वेळ लागतो आणि डाउनलोडची लिंक थोडेच दिवस चालते, त्यामुळे ती आली की लगेच पेनड्राइव्हवर घ्या. फाइल हातात आल्यावरच डिलीटची विनंती द्या.

ट्रोलिंगमुळे बंद करत असाल तर आधी पुरावा

जातिवाचक शिव्या, बाबासाहेबांची विटंबना, धमक्या आल्या की पहिला विचार येतो तो हे डोळ्यांसमोरून घालवण्याचा. ते स्वाभाविक आहे. पण तुमचं अकाउंट गेलं की त्याखालच्या कमेंटही जातात, आणि तुम्हाला आलेले मेसेज उघडून दाखवायला अकाउंटच उरत नाही. पुढे तक्रार द्यायची झाली तर हाती दोन अंधुक स्क्रीनशॉट राहतात.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) मध्ये लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान करणं आणि जातिवाचक शिवीगाळ करणं हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी वा इतर मार्गाने अनादर करणं हाही याच कलमाच्या (व्ही) उपकलमानुसार गुन्हा आहे. इंटरनेटवर टाकलेल्या मजकुरालाही हा कायदा लागू होतो असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका यूट्यूब प्रकरणात म्हटलं. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीपासून आहे, त्यामुळे "तुम्ही तर बौद्ध" हे ठाण्यात ऐकून परत येऊ नका.

पुरावा घेताना नुसता शिवीचा तुकडा कापून ठेवू नका. पूर्ण स्क्रीन दिसू द्या: तारीख, वेळ, प्रोफाइलचं नाव. त्या पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवा, कारण नाव आणि फोटो तो माणूस रातोरात बदलतो. स्क्रीन रेकॉर्डिंग करता आलं तर आणखी चांगलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. मग वकिलांना भेटा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. अत्याचाराच्या तक्रारींसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

समोरच्याने अकाउंट उडवलं म्हणजे तो सुटला, असंही समजू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वापरकर्त्याने अकाउंट बंद केल्यानंतरही त्याची नोंदणीची माहिती कंपनीला १८० दिवस जपून ठेवावी लागते. पण हे सहा महिने वाट बघण्यासाठी नाहीत. पोलिसांचं पत्र जायलाच किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. तुमच्याच पोस्टवरून तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल, नोटीस आली असेल, तर घाबरून पोस्ट किंवा अकाउंट डिलीट करू नका. न्यायालयात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. आधी वकील, मग फोन.

परदेशात शिकायला निघालेल्यांसाठी एक वेगळी सूचना. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाल्यावर काही जण आधी "प्रोफाइल साफ" करायला बसतात. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारली जातात, आणि विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना प्रोफाइल सर्वांना दिसेल असं ठेवायला जून २०२५ पासून सांगितलं जात आहे. अकाउंट डिलीट केलं तरी ते पाच वर्षांत वापरलं होतं ही गोष्ट बदलत नाही. अर्जात ते लिहावंच लागतं, आणि खोटं लिहिणं जुन्या पोस्टपेक्षा महाग पडू शकतं.

जे कार्यकर्ते आता नाहीत, त्यांची अकाउंट

हे कुणी बोलत नाही, पण दर वर्षी हा प्रश्न पडतो. दिवंगत कार्यकर्त्याच्या वाढदिवसाला फेसबुक सगळ्यांना शुभेच्छा द्यायला सांगतं आणि घरच्यांचे डोळे पुन्हा भरून येतात. फेसबुकला मृत्यूचा पुरावा देऊन ते अकाउंट स्मृती-अकाउंटमध्ये बदलता येतं. मग त्यात कुणालाही लॉगिन करता येत नाही, नावाआधी स्मृतीचा उल्लेख येतो आणि जुन्या पोस्ट तशाच राहतात. जवळच्या नातेवाइकांना ते पूर्ण काढून टाकण्याची विनंतीही करता येते.

मात्र त्या कार्यकर्त्याकडे एखाद्या पेजचा एकट्याचा ताबा असेल, तर अकाउंट स्मृतीत गेल्यावर फेसबुक ते पेज काढून टाकतं. म्हणून घरच्यांनी फॉर्म भरण्याआधी संघटनेशी बोलावं. आणि जिवंतपणी आपण प्रत्येकाने सेटिंग्जमध्ये जाऊन "लेगसी कॉन्टॅक्ट" नेमून ठेवावा. हा माणूस तुमचे खासगी मेसेज वाचू शकत नाही. तो प्रोफाइल फोटो बदलू शकतो आणि श्रद्धांजलीची पोस्ट वर ठेवू शकतो. नेमायला पाच मिनिटंही लागत नाहीत.