बोहारणीची पारख

पँट हातात आली की जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आधी ती उलटी करते. सुलट बाजूला इस्त्रीची घडी असते, त्यामुळे कापड आहे त्याहून बरं दिसतं. मग बैठकीचा भाग दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायचा. वीण विरली असेल तर तिथून उजेड झिरपतो. त्यानंतर मांड्यांमधली शिवण, गुडघे आणि शेवटी खालची दुमड. दुमडीत किती कापड राखलंय ते ती अंगठ्याने चाचपते, कारण पुढचं गिऱ्हाईक उंच निघालं तर तेच उसवून खाली सोडता येतं. चेन एकदा वर, एकदा खाली. शर्ट असला तर आधी कॉलरची घडी, मग बगल, मग कफ. हे सगळं होईपर्यंत तिचं तोंड भलत्याच विषयावर चालू असतं: "ताई, एवढ्यात पातेलं नाही परवडत. अजून एक पँट टाका, नाहीतर ही बारकी कढई घ्या."

शहरातली तरुण मुलं-मुली आज 'विंटेज' कपडे हौसेने शोधतात, फोनवर 'थ्रिफ्ट'ची दुकानं चालवतात. त्या हौसेचं मला मनापासून कौतुक आहे. पण जुन्या कपड्याला नवं गिऱ्हाईक मिळवून देणारी व्यवस्था आपल्या उंबऱ्यापाशी पिढ्यान् पिढ्या येऊन बसते आहे. जुनं कापड ओळखायचं कसं हे शिकायचं तर तिच्याकडूनच शिकावं.

मुंबईतल्या बऱ्याच बोहारणी मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजातल्या. समाजातले अनेक जण आता स्वतःला देवीपूजक म्हणवतात. घरात गुजराती आणि दारोदार मराठी, अशा दोन भाषांत त्यांचा दिवस जातो. या समाजाचं कापडाशी नातं फार जुनं आहे. अहमदाबादेतली 'मातानी पछेडी' याच समाजातले चितारे रंगवतात. देवळात पाऊल टाकू देत नव्हते, म्हणून देवीचं अख्खं देऊळच कापडावर चितारलं, अशी त्या कलेची हकिगत सांगतात. दिल्लीत पश्चिमेकडच्या रघुबीर नगरात याच समाजाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार भरतो, तोही उजाडण्याआधी. मुंबईत कामाठीपुरा, दोटाकी, चोरबाजार या पट्ट्यात जुन्या कपड्यांची उलाढाल चालते. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, जुनी अवजारं, नाणी, पाने-पकडी यांच्याबरोबर जुने कपडेही असतात.

धंद्याची रीत साधी दिसते. घाऊक दुकानातून भांडी घ्यायची, पुष्कळदा उधारीवर. टोपली डोक्यावर घ्यायची, काखेत गाठोडं मारायचं आणि आपल्या ठरलेल्या भागात फेरी करायची. भाग ठरलेला असणं महत्त्वाचं, कारण ओळख हेच इथलं भांडवल. कोणत्या घरात मुलं वाढत्या वयाची आहेत, कुठे लग्न होऊन गेलं, कुणाच्या साहेबांची ढेरी सुटून पँटी घट्ट व्हायला लागल्या, हे तिला ठाऊक असतं. दिवाळीआधीची आवराआवर हा तिचा मोठा हंगाम.

बदल्यात काय द्यायचं ते काळाप्रमाणे बदलत गेलं. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात शिरलं. पितळेची भांडी कल्हईला द्यायचा जाच टळला. महिन्याच्या पगारातून स्टीलचा डबा घेणं जड जायचं, पण चार जुनी पातळं आणि दोन पँटी देऊन तो मिळत असे. कितीतरी घरांतल्या मांडणीवरचा उतरत्या डब्यांचा संच असा एकेक करून बोहारणीकडून जमला आहे. लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. बोहारणीकडच्या भांड्यावर कुणाचंच नाव नसतं, कारण ते त्या घरच्या बाईने स्वतःच्या हिकमतीने मिळवलेलं. हातात रोख पैसा नसलेल्या बाईने दुसऱ्या बाईशी केलेला हा सौदा होता, आणि त्यात घरातल्या पुरुषांना विचारावं लागत नसे. मला या धंद्याची ही बाजू फार मोलाची वाटते.

पुढे टोपलीत प्लॅस्टिकचे टब आणि बादल्या आल्या. घासाघीस मात्र तीच राहिली. एक कपडा वर मागायचा, एक परत करायचा, उठून चालायला लागायचं, जिन्याच्या वळणावरून परत यायचं. घरच्या बाईलाही यातली प्रत्येक चाल पाठ असते आणि दोघींनाही घाई नसते.

गाठोडं घरी गेल्यावर खरी मेहनत सुरू होते. निवड करायची, धुवायचं, बटणं लावायची, उसवलेलं टाके घालून सांधायचं. बाजारात हा माल दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे जातो. ते पुन्हा निवड करतात. उडालेल्या रंगाच्या जीन्सला नव्याने रंग चढतो, शर्टाला खळ आणि कडक इस्त्री होते, फाटक्या जागी रफू होतो. मग तो शर्ट पदपथावर किंवा आठवडी बाजारात एखाद्या मजुराच्या, रखवालदाराच्या अंगाला लागतो. जे अंगावर घालण्याजोगं उरलं नाही ते चिंधीवाल्याकडे. गॅरेजमध्ये तेलकट हात पुसायला आणि छापखान्यात शाई पुसायला लागणाऱ्या चिंध्या इथूनच सुटतात. या साखळीत फुकट जाणारं फार थोडं असतं.

प्रत्येक कापडाचं दुसरं आयुष्य निराळं. सुती लुगडं शेकडो धुण्यांनी इतकं मऊ होतं की नवं कापड त्याच्या जवळपास फिरकत नाही. म्हणून तान्ह्या बाळाचं पहिलं झबलं, दुपटं, बाळोती जुन्या लुगड्याची. गोधडीला, कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाकळेला आत थर घालायचे तेही जुन्या सुती कापडाचेच. जरीच्या शालूची गोष्ट वेगळी. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, तिला वरून सोन्याचा मुलामा. लुगडं विरलं तरी चांदी विरत नाही. म्हणून जुने जरीचे पदर आणि काठ जाळून, गाळून चांदी काढण्याचा धंदा चालत आला. आपल्या किती पैठण्या आणि शालू अशा भट्टीत गेले त्याचा हिशेब लागणार नाही. विणकामाचे ते नमुने गेले याची मला आजही हळहळ वाटते.

मग टेरीकॉट आलं. हे कापड पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे ना त्याचं फडकं होतं ना बाळोतं. पण ते सहजी फाटतही नाही आणि इस्त्री मोडत नाही. म्हणून टेरीकॉटची पँट दुसऱ्याच्या अंगावर गेली, त्यानंतर तिसऱ्याच्या. सुती कापड झिजत झिजत दुसऱ्या कामाला लागायचं, टेरीकॉट तसंच्या तसं मालक बदलायचं. बोहारणीच्या भावात हा फरक चोख उतरलेला असे.

जुना कपडा घालण्याची गोष्ट आपल्याकडे निव्वळ काटकसरीची कधीच नव्हती, हेही इथे सांगायला हवं. गावगाड्यात दलितांच्या वाट्याला दुसऱ्यांनी टाकलेली, प्रसंगी मृताच्या अंगावरची वस्त्रं येत. ती रीत म्हणून लादलेली होती. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची जुनी, जातीची खूण सांगणारी पद्धत सोडायला सांगितलं. स्वच्छ आणि नीट पोशाख हा त्यांच्या लेखी स्वाभिमानाचा भाग होता. ज्या घरांत नवं कोरं कापड घेणं हाच एक लढा होता, तिथे कुणी 'जुनं वापरा, पृथ्वी वाचवा' असा उपदेश केला तर तो टोचणारच. जुनं कापड निवडता येणं आणि जुनंच वाट्याला येणं यांत मोठं अंतर आहे. गुंज ही संस्था 1999 पासून शहरातले कपडे खेड्यांत पोचवते. तिने हे अंतर ओळखलं म्हणून मला तिचं काम महत्त्वाचं वाटतं. गावकरी रस्ता, विहीर, बंधारा असं स्वतःच्या गावाचं काम करतात आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घेतात. संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता विंटेजच्या हौसेकडे येतो. गोव्यात ही हौस जरा आधी पोचली. हणजुण्याचा बुधवारचा बाजार सुरू झाला तोच हिप्प्यांनी आपलं सामान, कपडे विकून पुढच्या मुक्कामाची सोय लावायला. महाराष्ट्रात आजीच्या पेटीने हे काम केलं. कॉटनची इरकल, मोठ्या काठाची नारायणपेठी, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुन्हा बाहेर निघालं. पेटीतलं संपलं तेव्हा जुन्याच्या धर्तीवर नवं विणलं जाऊ लागलं. खणाचं उदाहरण बघा. गुळेदगुड्डचा खण हा चोळीपुरत्या अरुंद पन्ह्याचा, त्या पन्ह्यात चोळी बसवून कापायची. आता त्याच खणाची अख्खी साडी मिळते. हातमागावर विणलेली असेल तर ती देखणी असतेच आणि विणकराच्या घरात पैसे जातात. पण बाजारात जास्त खपते ती यंत्रमागावरच्या कृत्रिम धाग्याची नक्कल. नक्षी जुनी, कापड भलतंच.

इथे बोहारणीची नजर कामी येते. जुनी म्हणून घ्यायची साडी कशी बघावी? घडीच्या रेषेवर बोट फिरवावं, कारण वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम तिथेच चिरतं. पदर आणि अंग जिथे जोडलं जातं ती जागा ताणून बघावी. इरकलीत पदराचा रेशमी ताणा अंगाच्या सुती ताण्याला फासे गुंतवून जोडलेला असतो. तो सांधा शाबूत असेल तर साडी अजून बरीच वर्षं निघेल. जरीचा काठ नखाने हलकेच खरवडून आतला धागा बघावा. कोटाची किंवा फ्रॉकची पारख शिवणीत असते. आत दोन बोटं माया सोडलेली असेल तर शिवणाऱ्याने तो कपडा सैल-घट्ट करून पुन्हा वापरला जाईल असं धरलं होतं. आजच्या दुकानी कपड्यात ती माया कापून टाकलेली असते, आणि अंग वाढलं की कपडा निकालात.

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. जुना कपडा आज हवाहवासा वाटतो तो नुसत्या फॅशनमुळे नाही. तो विणताना आणि शिवताना दुसऱ्या, तिसऱ्या माणसाचा विचार झाला होता. रेट्रो म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या कपड्यांत तो विचार नाही. सुतात पॉलिएस्टर आणि त्यात ताणणारं इलॅस्टेन मिसळलेली जीन्स दोनेक वर्षांत गुडघ्याला फुगते, मग तिला ना आकार राहतो ना कस. तिची चांगली चिंधीही होत नाही. यंत्रात पिंजायला टाकली तर ताणणारा धागा दात्यांत अडकतो.

पिंजण्याचा हा उद्योग हरियाणातल्या पानिपतला आहे. परदेशातून गठ्ठ्यांनी आलेले लोकरी कपडे तिथे रंगवार निवडतात, बटणं-चेन काढतात, पिंजतात आणि त्याचं सूत काढून ब्लँकेटं विणतात. 'शॉडी' हे त्या सुताचं नाव. ही युक्ती 1813 च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात, बॅटली गावी बेंजामिन लॉ याने काढली. भारतात परदेशी वापरलेले कपडे सरसकट विकायला आणता येत नाहीत, त्यामुळे पानिपतला येणारे कोट ब्लेडने चिरून मगच आत येतात. कच्छमधल्या कांडल्याला विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी कपड्यांची निवड होते आणि त्यातला मोठा वाटा पुढे आफ्रिकेला रवाना होतो.

बोहारणीची फेरी मात्र आटत चालली आहे. नव्या गृहसंकुलांच्या फाटकावर रखवालदार तिला आत सोडत नाही. नवा टी-शर्ट इतका स्वस्त झाला आहे की पदपथावरच्या जुन्याला भाव उरत नाही. घरातल्या मांडणीवर भांडी आधीच जास्त झाली आहेत. मुलींना हा धंदा नको आहे, आणि डोक्यावर टोपली घेऊन जिने चढणाऱ्या आयांनाही तो त्यांच्यासाठी नको आहे, यात काहीच गैर नाही.

पण नजरेचं ते कसब कुठे जाणार हा प्रश्न उरतो, आणि त्याला उत्तर आहे. मुंबईत 2013 साली सुरू झालेला 'आय वॉज अ सारी' हा उपक्रम जुन्या साड्या विकत घेऊन वस्तीतल्या बायकांकडून त्यांचे नवे कपडे, पिशव्या, दागिने बनवून घेतो. अशा कामाला माल निवडणारी जाणकार लागतेच. फोनवर जुनी इरकल 'विंटेज' म्हणून मोठ्या किमतीला विकणाऱ्यांनाही ती लागते. तवा देऊन घेतलेल्या साडीला चौथ्या हाती जी किंमत येते, तिच्यातला वाटा ती साडी गाठोड्यातून वेगळी काढणाऱ्या बाईला मिळायला हवा, रोजंदारीचा नव्हे तर पारखीचा. थ्रिफ्टचं दुकान चालवणाऱ्या मुलींनी तिला दोन महिने शेजारी बसवून पगार द्यावा आणि प्रत्येक नग तिच्या हातून उलटा करून घ्यावा. सोसायटीच्या बैठकीत एखाद्या ओळखीच्या बोहारणीला महिन्यातून एकदा आत सोडण्याचा ठराव मांडायला कुणाची हरकत नसावी. दिवाळीच्या आधीचा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा.