जंतूविना चढणारा ताप

अचानक ताप चढतो. पोट इतकं दुखतं की पोटाला हात लावू देववत नाही. जंतुसंसर्ग मात्र सापडत नाही, आणि दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप ओसरतं, ते पुढच्या खेपेपर्यंत. ‘फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर’च्या कितीतरी रुग्णांचं ॲपेंडिक्स या दुखण्यापायी विनाकारण कापलं गेलं आहे. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू समाजांत हा आनुवंशिक आजार प्रामुख्याने आढळतो.

त्यामागचं जनुक १९९७ साली १६व्या गुणसूत्रावर सापडलं. ते पायरिन नावाचं प्रथिन घडवतं. ७८१ अमिनो आम्लांच्या या साखळीत ६९४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आलं, एवढाच बदल आजाराचं उग्र रूप आणायला पुरतो. पायरिन पांढऱ्या पेशींतला पहारेकरी आहे. एरवी फॉस्फेटचे गट त्याला शांत ठेवतात. जंतूच्या विषाने पेशीतलं ‘आरएचओ-ए’ हे प्रथिन निकामी झालं की फॉस्फेट सुटतं, पायरिन जागं होतं आणि इंटरल्युकिन-१ बाहेर पडून दाह पेटतो. बदललेल्या पायरिनवरचा हा लगामच ढिला असतो.

मग असं जनुक टिकलं कसं? काही तुर्की लोकसमूहांत तर दहांतल्या एकाहून अधिक जण त्याचे वाहक आहेत. उत्तर प्लेगच्या जंतूत असावं. १८९६ साली मुंबईत थैमान घालणारा हाच तो जंतू. पायरिन जागं होऊ नये म्हणून तो स्वतःचं एक प्रथिन पेशीत सोडतो आणि फॉस्फेट जागच्या जागी राखतो. बदललेलं पायरिन या डावाला सहसा बधत नाही. असं मानवी जनुक बसवलेले उंदीर प्लेगमधून अधिक संख्येने वाचतात, हे अमेरिकेतील डॅन कास्टनर यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. कुणा पूर्वजाला ज्याने तारलं असेल, तेच आज एखाद्या लेकराला तापाने पोळतं, हे मला फार अस्वस्थ करतं.

उपाय मात्र हाताशी आहे. कोल्चिसिन हे गाउटवरचं जुनं औषध १९७२ पासून या आजारात वापरलं जातं. आपल्या रानातल्या विषारी कळलावीतही हेच द्रव्य असतं. त्याच्या घातक आणि उपयोगी मात्रेत अंतर थोडंच, म्हणून घरगुती प्रयोग जिवावर बेततात. गोळी आयुष्यभर, ताप नसतानाही घ्यावी लागते. कारण दोन तापांच्या मधल्या काळातही दाह आतल्या आत धुमसत राहू शकतो आणि त्यातून तयार होणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडांत साचत जातं.