‘टॅक्स भरलेला’ व्हेप

लालबागच्या नाक्यावर किंवा दादर स्टेशनबाहेर पोरांच्या घोळक्यात व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘गोव्यात चालतं रे, बंदी फक्त इथे.’ आणि ‘माल टॅक्स भरलेला आहे, टेन्शन नाही.’ दोन्ही चूक आहेत. पण ती कुठून आली ते कळतं. मुंबईकर असले नियम शिकला तो गुटखा आणि दारूवरून.

गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली ती अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन. तो आदेश वर्षभराचा असतो, म्हणून दरवर्षी नव्याने काढावा लागतो. दारू तर राज्याचाच विषय. गोव्याची बाटली स्वस्त का, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा व्हेपचंही राज्यागणिक वेगळं असणार, असं वाटणं साहजिक आहे. एके काळी ते खरंही होतं. पंजाब, कर्नाटक अशा काही राज्यांनी आधी आपापल्या पातळीवर बंदी घातली होती. मग १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राचा वटहुकूम आला आणि डिसेंबरात संसदेचा कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय की ई-सिगारेटचा उद्योग केंद्राने आपल्या नियंत्रणाखाली घेणं लोकहिताचं आहे. त्यामुळे पणजी काय नि परळ काय, उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात सगळीकडे बंद. राज्याच्या वाट्याला उरली ती अंमलबजावणी.

आता टॅक्स. या गैरसमजाचं मूळ जरा गमतीशीर आहे. अमेरिकेतला मामेभाऊ सांगतो की तिकडे राज्य व्हेपवर कर घेतं, आणि तो खरंच सांगतो. मिनेसोटात घाऊक किमतीच्या ९५ टक्के कर आहे, तर नॉर्थ कॅरोलायनात द्रवाच्या मिलिलिटरमागे पाच सेंट. आपल्याकडे राज्याला असं काही करायला वावच नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा तंबाखूवरचा राज्याचा व्हॅट गेला, मुंबईच्या वेशीवरची जकातही गेली. तंबाखूवर जीएसटीच्या जोडीला उत्पादन शुल्क लावायचा अधिकार राहिला तो केंद्राकडे.

खरी गोची पुढे आहे. न जाळता ओढायच्या तंबाखू-निकोटीनच्या वस्तूंसाठी कराच्या कोष्टकात २४०४ हा शीर्षक-क्रमांक आहे. कोणीतरी तो मोबाइलवर दाखवतो आणि म्हणतो, ‘बघ, सरकारच टॅक्स घेतंय.’ पण असे क्रमांक जगभरच्या कस्टम्सच्या सामायिक वर्गीकरणातून येतात. कोष्टकात रकाना असणं म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. आयातच बंद असल्यामुळे ड्युटी भरून माल सोडवायचीही सोय नाही. दुबईहून बॅगेतून आणलेला व्हेप कस्टम्स जप्त करू शकतं. छापील बिल हातात दिलं, तरी ते बंदी असलेल्या मालाचंच बिल.

‘यात निकोटीन नाही, नुसता आंब्याचा फ्लेवर’ हा युक्तिवाद मला सगळ्यात चतुर वाटतो, आणि कायदा करणाऱ्यांनी नेमकी हीच पळवाट बुजवली आहे. व्याख्येत स्पष्ट लिहिलंय, निकोटीन असो वा नसो. तंबाखू न जाळता नुसती तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्काही त्यात आले. वगळलीत ती औषध कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादनं.

‘अठरा पूर्ण झाले की चालतं’ हा नियम साध्या सिगारेटचा. व्हेप विकणं कोणत्याही वयाच्या गिऱ्हाइकाला गुन्हाच. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्याचं कलम वेगळं आहे. माहीत असून आपल्या जागेत माल ठेवू दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मित्राचा खोका आहे, माळ्यावर राहू दे’ म्हणणाऱ्या गिरगावकराने हे कलम वाचून ठेवावं. ओढणाऱ्यासाठी मात्र कायद्यात वेगळी शिक्षा नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पुढे भूमिका घेतली की जवळ बाळगणंही उल्लंघनच. शिक्षेच्या कलमांत मात्र बाळगणं हा शब्द नाही, आणि ही ढिलाई कायदा लिहितानाच राहून गेली असं माझं मत.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे तो हुक्क्याचा, आणि त्याचं कारण इथलंच. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या कमला मिल आवारात आग लागून १४ जणांचा जीव गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यावर बोट ठेवलं गेलं. २०१८ मध्ये राज्याने २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात स्वतःपुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल तीन. म्हणजे आज त्याच परिसरात कोणी टेबलावर तंबाखूचा हुक्का मांडला तर राज्याच्या दुरुस्तीप्रमाणे किमान वर्षभराची कैद ठरलेली, आणि शेजारच्या टेबलावर ई-हुक्का विकला तर केंद्राच्या कायद्याने पहिल्या खेपेला नुसत्या दंडावरही सुटका होऊ शकते.