किल्ला रोज चढतो, मग हिमालय काय अवघड?

एप्रिल सरत आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत मनालीचे बेत शिजू लागतात. ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसकडे निघालेला असतो, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. गोरखीच्या आवारात किंवा महाराज बाड्यावर चहा घेताना कुणीतरी हमखास म्हणतं, "आपण किल्ला रोज चढतो, हिमालयाचं काय घेऊन बसलात!" पुढे हमटा खिंडीचं नाव निघतं. तसं पाहिलं तर मनालीशी गोरखीचं नातं आहेच. गोरखीच्या शाळेत शिकलेले अटलबिहारी वाजपेयी मनालीजवळच्या प्रीणी गावी घर बांधून विश्रांतीला जात. हमट्याच्या वाटेला लागण्यासाठी गाड्या जोबऱ्याला जातात, तो घाटरस्ता याच प्रीणीतून वर चढतो. मनालीतल्या सरकारी गिर्यारोहण संस्थेलाही आज अटलजींचंच नाव आहे.

हमटा खिंड आहे ४२७० मीटरवर, पीर पंजालच्या धारेत. अलीकडे हिरवं कुलू, पलीकडे उघडंबोडकं लाहौल. आता आपला किल्ला घ्या. तो गावापासून जेमतेम शंभर मीटर उंच. बालू का घेरा या मुक्कामावरून खिंड गाठायची तर सुमारे साडेसहाशे मीटर चढावं लागतं. म्हणजे ग्वाल्हेर दरवाजातून हत्ती पोळपर्यंतची चढण एकामागोमाग सहा-सात वेळा, तीही दगडधोंडे आणि बर्फ तुडवत. त्यानंतर त्याच दिवशी पलीकडे शिया गोरूला उतरायचं असतं. तरीही किल्ल्याचा सराव निरुपयोगी नाही. फक्त आपण तो उलटा करतो. दम लागेपर्यंत चढायचं आणि उरवाई दरवाजाकडून स्कूटरवर मागं बसून खाली यायचं! मांड्यांचे स्नायू खरे फाटतात ते उतारावर, शरीराचं वजन रोखून धरताना. पडझडीचे अपघातही उतरतानाच जास्त होतात, कारण पाय थकलेले असतात आणि मन "झालं एकदाचं" म्हणून सैलावलेलं असतं. म्हणून पाठीवर सात-आठ किलोची सॅक घ्या आणि दगडी फरसबंदीवरून पायीच खाली या. गुडघ्यांची खरी परीक्षा तिथे होते.

पण दणकट पाय आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज इथेच आहे. "मी रोज दहा किलोमीटर पळतो, मला काही होणार नाही," असं म्हणणारा पंचविशीतला तरुण उंचीच्या आजारानं आडवा होतो आणि त्याची पन्नाशीची मावशी ठणठणीत राहते, असं सर्रास घडतं. तंदुरुस्तीमुळे या आजारापासून संरक्षण मिळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही.

"वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं" हेही अर्धवटच खरं. प्रमाण बाड्यावर २१ टक्के आणि हमट्यावरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. खिंडीत तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. शरीर याची भरपाई करतं, पण त्याला दिवस लागतात. सावधगिरीचा नियम असा: ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. आपली मंडळी काय करतात? रात्रीच्या गाडीनं दिल्ली, तिथून व्होल्वो, सकाळी मनाली आणि दुपारी थेट जोबरा. ग्वाल्हेरच्या दोनशे मीटरवरून तीन हजार मीटरवर, तेही दीड-दोन दिवसांत. हे वेळापत्रक आयोजकाला परवडतं, फुप्फुसांना नाही. माझं मत विचाराल तर मनालीत दोन रात्री काढल्याशिवाय वर जाऊ नये. मॉल रोडवर दोन स्वेटर जास्त घेतले जातील, एवढंच नुकसान.

मग कापूर. जवळजवळ प्रत्येक पिशवीत रुमालात बांधलेली कापराची वडी असते. ती हुंगली की नाकात गारवा येतो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातल्या प्राणवायूत मात्र तसूभरही फरक पडत नाही. आजींनी पुडी दिली असेल तर ती जरूर न्या, फक्त तिच्या भरवशावर वर जाऊ नका. डायमॉक्सची गोष्ट वेगळी. ते खरं औषध आहे आणि शरीराला उंचीशी लवकर जुळवून घ्यायला मदत करतं. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आणि इतर औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ती गोळी घेतली म्हणून दोन मुक्काम एका दिवसात उरकायची मुभा मिळत नाही.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, गरगरणं यांचं खापर आपण राजम्यावर किंवा झोपेवर फोडतो. उंचीवर डोकं दुखून मळमळत असेल, तर दुसरं कारण ठामपणे सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा आणि त्या दिवशी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा माणूस सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालू शकला नाही, तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याची शंका घ्यावी. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. त्याला सोबत देऊन लगेच खाली आणायचं. पाचशे-हजार मीटर खाली उतरवणं हाच सर्वांत खात्रीचा इलाज.

पुण्या-नाशिकचे नातेवाईक फोनवर सांगतात, "आम्ही अलंग-मदन-कुलंग केलंय, हे तर चालणंच आहे." त्यांच्या कातळारोहणाला सलाम. पण महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. मनालीचा बाजारच त्याच्या चारशे मीटर वर भरतो. सह्याद्रीत माणसाला गाठतात ऊन, तहान आणि कडा. विरळ हवेशी तिथे ओळखच होत नाही.

"जूनमध्ये कसली थंडी?" हाही असाच प्रश्न. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तरकाशी भागातल्या सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट परतताना हिमवादळात सापडला. बहुतेक जण कर्नाटकातले होते. नऊ जण दगावले. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडला, तेव्हा हमट्याकडे गेलेल्या रुरकी आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा संपर्क तुटला होता. सुदैवानं ते सुखरूप सापडले. झाडांची हद्द संपली की आडोसाही संपतो, आणि धारेवर तर वारा दोन्ही बाजूंनी झोडपतो. थर्मामीटरवर शून्य अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला तो गारठा उणे सातसारखा बोचतो. त्यात अंगावर भिजलेली जीन्स किंवा सुती बनियन असेल तर बघायलाच नको. ओलं सूत ऊब धरत नाही. वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट सॅकच्या तळाशी नको, अगदी वर हवं. राहिली रम. तिनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीरातली उष्णता भराभर बाहेर जाते.

पहाटे तीन-चारला उठवणारा गाइड अनेकांना खडूस वाटतो. तो घड्याळाकडे नाही, ढगांकडे बघत असतो. उन्हं वर आली की दऱ्यांतली तापलेली हवा उताराला धरून वर चढते आणि दुपारपर्यंत धारेवर ढग जमतात. त्यानंतर धुकं, गारा, विजा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर ती एक किलोमीटरवर आहे. रबरी तळव्याचे बूट तिच्यापासून वाचवत नाहीत आणि एकाकी खडकाचा आडोसाही नाही. धार सोडून खाली उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर यायचं नाही. बर्फाळ धारेवर आणखी एक फसगत होते. वाऱ्यानं साचलेलं बर्फ कडेच्या बाहेर छज्ज्यासारखं लोंबतं. वरून ते सपाट जमीनच वाटतं आणि फोटोसाठी माणसं नेमकी तिथेच जाऊन उभी राहतात. छज्जा मोडतो तो अनेकदा टोकाला नाही, बराच आत, आपण सुरक्षित समजलेल्या जागी. आदल्या दिवशीच्या पावलांच्या खुणा दिसल्या म्हणून ती जागा पक्की ठरत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात: जोबऱ्याच्या पुढे त्याच्यावर विसंबू नका. गारठ्यात बॅटरी झपाट्यानं उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा. आणि घरी मार्ग व परतीची तारीख कागदावर लिहून द्या.

पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. प्रत्येक रात्रीचा मुक्काम किती मीटरवर आहे? खिंडीच्या दिवशी किती वाजता, जिथे असू तिथून, परत फिरायचं ठरलं आहे? कुणी आजारी पडलं तर त्याला खाली कोण नेणार? आणि गटासोबत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? उत्तरं मीटरमध्ये, वेळेत आणि माणसांच्या नावांनिशी आली तर जरूर जा. "टेन्शन मत लो, सर" एवढंच आलं, तर पैसे भरू नका.