शेषाचे क्रियाचिन्ह आणि कंटेनरचा तपास-अंक

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे १९८९ साली सुरू झालेल्या बंदरात जे कंटेनर उतरतात, त्यांवर चार अक्षरे व सात अंक लिहिलेले असतात. यांपैकी शेवटचा अंक स्वतंत्र नसून आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानक ६३४६ मध्ये त्याची रीत दिली आहे. संगणकभाषेतील अंकगणिती क्रियाचिन्हांचा अर्थ किती काटेकोरपणे ध्यानी घ्यावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

प्रत्येक अक्षरास १० ते ३८ यांमधील एक मूल्य असते. ११, २२ व ३३ ही मूल्ये वगळलेली आहेत. दहा मूल्यांना अनुक्रमे १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत गुणून बेरीज करावयाची व तीस ११ ने भागून उरणारी बाकी घ्यावयाची. 'सीएसक्यूयू ३०५४३८' या क्रमांकाची बेरीज ६१८५ होते. बाकी ३ उरते. तोच तपास-अंक होय.

आता सी किंवा पायथॉन या भाषांत बाकीचे चिन्ह (%) गुणाकाराच्या बरोबरीचे व बेरजेच्या वरचे आहे. म्हणून बेरजेभोवती कंस न घातल्यास केवळ शेवटच्या पदाची, म्हणजे ४०९६ ची, बाकी ४ निघते आणि उत्तर ३ ऐवजी २०८९ + ४ = २०९३ येते. भागाकाराचे चिन्हही असेच फसवे आहे. सी भाषेत पूर्णांकांचा ६१८५ / ११ हा भागाकार ५६२ होतो. त्यास ११ ने गुणून ६१८५ मधून वजा केल्यास ३ मिळतात. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र तेच चिन्ह अपूर्णांक देते. तेथे वजाबाकी शून्यवत् होते. पूर्णांक भागाकारासाठी दुहेरी तिरपी रेघ योजावी लागते.

भाजक ११ च का? ११ ही मूळ संख्या असून दहाही गुणकांच्या ११ ने भागिलेल्या बाक्या परस्परांहून भिन्न आहेत. म्हणून एक अंक चुकला किंवा दोन भिन्न अंकांची अदलाबदल झाली, तर बाकी बदलतेच. परंतु बाकी १० आल्यास तपास-अंक ० लिहिला जातो. तेव्हा १० व ० यांतील भेद लोपतो. यास्तव असे क्रमांक न वापरणे इष्ट मानले जाते. क्रियाचिन्ह कितीही अचूक योजले, तरी रीतीची ही मर्यादा त्याने भरून निघत नाही.