कुलूपबंद अक्षरे

गेल्या वर्षी ग्रंथालयातून आणलेल्या कलाविषयक पुस्तकात मी एक रंगीत चित्र पाहिले. प्रथम वाटले, ही वेलबुट्टी असावी. पण ते होते एका पोथीचे पान! इ. स. ८०० च्या सुमारास आयरिश परंपरेतील ख्रिस्ती भिक्षूंनी वासराच्या कातड्यावर लिहिलेला 'बुक ऑफ केल्स' हा तो ग्रंथ. आज तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. ख्रिस्तनामाच्या अवघ्या काही अक्षरांसाठी तेथे जवळजवळ अख्खे पान खर्ची घातले आहे. मी ते आजीला दाखवले. ती म्हणाली, "अक्षरं हाईत व्हय ही? मला तर रांगोळीच वाटली!"

मित्रहो, मठांच्या आश्रयाने पोथ्या सजवण्याची कला अनेक देशांत वाढली. पण प्रत्येक प्रांताची धाटणी निराळी. पाल राजांच्या काळात नालंदेच्या बौद्ध भिक्षूंनी अरुंद ताडपत्रांवर मृदू रेषेची चित्रे काढविली. गुजरातेतील जैन पोथ्यांत चेहऱ्याबाहेर डोकावणारा दुसरा डोळा दिसताच शैली ओळखू येते.

मग आपल्या मराठी मुलखाचे काय? येथे महानुभाव पंथाकडे वळावे लागते. चक्रधरस्वामींचा बराच काळ आपल्या मराठवाड्यातील पैठणास गेला. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसे गाठून, विचारून गोळा केल्या आणि इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पंथाचे आचार्य नागदेव यांनी ग्रंथरचना संस्कृतात नको, मराठीतच हवी असा आग्रह धरला. कारण काय? संस्कृत झाले तर पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील! हे वाचले तेव्हा मला आजीच आठवली.

जुन्या मराठी पोथ्यांचा थाट साधा. हातकागद, बोरू आणि काजळाची शाई. अक्षर चुकले की त्यावर पिवळी हरताळ फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. महानुभावांची कारागिरी मात्र रंगात नव्हे, लिपीत उतरली. चौदाव्या शतकापासून त्यांनी सांकेतिक लिप्या वापरल्या: सकळ, सुंदरी, अंक, शून्य इत्यादी. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह येई. किल्ली ठाऊक असेल त्यालाच वाचता येई. आपले ज्ञान परक्यांच्या हाती पडू नये, हा हेतू. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा बाहेरच्या जगाला हा खजिना दिसला.

कुलूप लावल्याचा लाभही झाला. पोथ्या परक्या हातांच्या फेरफारांपासून पुष्कळ वाचल्या, आणि पंथाबरोबर पंजाबपर्यंत मराठी पोचली. तरीही मन थबकते. ज्या म्हातारीसाठी भाषा सोपी केली, तिच्याच नातवंडांपुढे लिपीचे दार बंद झाले. केल्सच्या भिक्षूंनी अक्षर नटवले, आमच्यांनी ते झाकले. पण ज्याला वाचताच येत नाही, त्याला दोन्ही सारखीच!

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला आपली साधी बाळबोध लिपीसुद्धा सकळ लिपीच आहे. पण श्रावणात मुरुडच्या देवळात ऐकलेली पोथी तिला कथेसह पाठ असते. परंपरा सांगते की यादवांच्या पाडावाच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत हरवली आणि ते पुन्हा स्मरणातूनच लिहिले गेले. म्हणजे किल्ली हरवली तरी खजिना माणसांच्या मुखी राहतो.

आता रोज संध्याकाळी मी आजीला एक-एक अक्षर गिरवायला देते. काल तिने स्वतःचे नाव लिहिले. रेषा वाकडी होती. पण त्यावर हरताळ फासण्याचे धैर्य मला झाले नाही.