वाकळ असो की कम्फर्टर: धुणं सोपं, खरं काम वाळवायचं!

पितृपंधरवडा संपत आला की कोल्हापुरात घराघरातलं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. घट बसायच्या आत घर स्वच्छ झालं पाहिजे, हा इथला रिवाज. तिकडे अंबाबाईच्या मंदिरात साफसफाई सुरू होते आणि इकडे वाकळा, चादरी, पडदे, जाजमं यांची गाठोडी बांधली जातात. ही गाठोडी घेऊन पंचगंगेचा घाट गाठायचा, ही कित्येक घरांची जुनी पद्धत. आता या गाठोड्यात एक नवा पाहुणा आलाय, तो म्हणजे कम्फर्टर.

अडचण अशी आहे की या धुण्याची तारीख पंचांग ठरवतं, हवामान नाही. नवरात्र येतं सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये. तेव्हा हवेत दमटपणा असतो आणि परतीचा पाऊस दुपारनंतर कधीही गाठतो. त्यामुळे जाड पांघरूण धुणं हातात असतं, पण ते आतपर्यंत वाळेल की नाही याची खात्री नसते. आणि अर्धवट वाळलेलं पांघरूण हे न धुतलेल्या पांघरुणापेक्षा वाईट. ओल एक-दोन दिवस आत राहिली तरी बुरशी धरू शकते. कुबट वास तर येतोच, पण दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रासही होतो.

आधी बघा, आत काय आहे?

वाकळ म्हणजे जुन्या साड्या-धोतरांचे थर, हातानं धावदोरा घालून शिवलेले. थर टाक्यांनी जागच्या जागी धरलेले असतात, म्हणून ती पाण्यात घालता येते.

कापूस भरलेल्या दुलईचं तसं नाही. आतला कापूस भिजला की त्याचे गोळे होतात आणि वाळल्यावरही ते सुटत नाहीत. म्हणून दुलईची फक्त खोळ धुवायची आणि दुलईला ऊन द्यायचं. कापूस फारच बसला असेल, तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा.

बाजारातल्या बहुतेक कम्फर्टरमध्ये पॉलिस्टर असतं. हा धागा स्वतः पाणी जवळपास शोषत नाही. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून कम्फर्टर लवकर वाळतो. तरी धुण्याआधी त्याच्यावरचं लेबल वाचावंच. पिसं भरलेला असेल तर तो घरच्या दोरीवर नीट वाळत नाही, त्याला ड्रायरच लागतो.

मग नदीवर का नको?

पंचगंगेच्या प्रदूषणाचं मोठं कारण घाटावरचं धुणं नाही. ते आहे शहरांचं आणि उद्योगांचं सांडपाणी. पण घाटावर साबणाचं पाणी थेट नदीत जातं, मध्ये काहीच अडसर नसतो. घरातलं पाणी ड्रेनेजला जोडलेलं असेल, तर ते कसबा बावडा किंवा दुधाळीच्या प्रक्रिया केंद्राकडे जाऊ शकतं. शिवाय ज्या पाण्यात सांडपाणी मिसळतं, त्यातच पांघरूण खळबळायचं आणि तेच नाकापर्यंत ओढून झोपायचं, हेही काही बरं नाही.

कोल्हापूरला हा विचार नवीन नाही. रंकाळ्याजवळच्या ‘धुण्याची चावी’ची सोय संस्थानकाळातली. तळ्यात न उतरता कपडे धुता यावेत, हाच त्यामागचा हेतू.

घरी कसं धुवायचं?

एका वेळी एकच पांघरूण घ्यावं. आधी ते झटकून घ्यायचं. जुन्या साडीचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा घासून बघायचं. मग मोठ्या टबात किंवा बाथरूममध्ये अर्धा तास भिजवून पायानं तुडवायचं. साबण नेहमीपेक्षा कमीच वापरायचा, कारण जाड थरातून तो निघता निघत नाही. पाण्याला फेस येईनासा होईपर्यंत खळबळायचं.

पिळायचं मात्र नाही, त्यानं टाके तुटतात. घडी घालून तुडवावं किंवा कट्ट्यावर टाकून अर्धा तास निथळू द्यावं. भिजलेली वाकळ दुपटीहून जड होते. ती तशीच उचलून जिना चढणं म्हणजे कंबरेला आमंत्रण!

मशीन की लाँड्री?

मशीनवर ७ किलो लिहिलंय आणि कम्फर्टर ३ किलोचा आहे, म्हणजे जमलं, असा हिशोब चुकतो. इथे वजनापेक्षा जागा महत्त्वाची. पांघरूण कोरडं असतानाच ड्रममध्ये कोंबावं लागत असेल, तर पाणी आतपर्यंत फिरणार नाही आणि साबणही निघणार नाही. अशा वेळी मोठ्या मशीनची लाँड्री बरी. तिथे एकच प्रश्न आवर्जून विचारावा: वाळवता कुठे, ड्रायरमध्ये की दोरीवर?

धुळीतले सूक्ष्म किडे मारायचे असतील, तर ६० अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. लेबल परवानगी देत असेल तरच. रंगीत वाकळीला इतकं गरम पाणी नको.

आणि आता वाळवणं

धुणं सकाळी लवकर उरकावं, म्हणजे दुपारच्या ढगांआधी चार-पाच तास ऊन मिळतं. एकाच दोरीवर टाकलं तर सगळं पाणी खालच्या काठाला उतरतं आणि दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून राहतात. म्हणून हातभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर पसरावं, मधून वारा खेळतो. दर दोन तासांनी उलटावं, झटकावं. कम्फर्टरमधले गोळे हातानं सोडवावेत. पाऊस आलाच तर घडी न घालता पंख्याखाली खुर्च्यांवर पसरावं.

वाळलं हे ओळखायचं कसं? वरून हात लावून कळत नाही. सर्वात जाड भाग दोन्ही तळव्यांत दाबून धरावा. आत गार लागलं, तर ओल आहे. त्याहून पक्की युक्ती म्हणजे धुण्याआधी पांघरुणाचं वजन करून ठेवायचं. काटा पुन्हा त्याच आकड्यावर आला की वाळलं. तरीही लगेच कपाटात कोंबू नये, एक रात्र उघड्यावर राहू द्यावं.

आणि पुढच्या वर्षी हा सगळा खटाटोप कमी करायचा असेल, तर आत्ताच पांघरुणाला खोळ शिवून घ्यावी. खोळ काय, महिन्याला बादलीत धुता येते, संध्याकाळपर्यंत वाळते आणि आतलं पांघरूण फक्त उन्हावर भागतं.